गरिबाच्या मुलानं काम केलं तर काय बिघडलं?

बालमजुरी वाईट आहे का, असं कोणालाही विचारा, उत्तर ‘हो’ असंच येईल. ‘बालमजुरी चांगली’ असं उघडपणे म्हणणारा माणूस आज शोधूनही सापडायचा नाही. तरीही हायवेवरच्या ढाब्यावर दहा-अकरा वर्षांचा मुलगा टेबल पुसतो, पाण्याचे ग्लास ठेवतो आणि आपण त्याच्याचकडे जेवणाची ऑर्डर देतो. ओळखीच्या घरात बाळ सांभाळायला गावाकडून आणलेली बारा वर्षांची मुलगी असते आणि तिचं वय विचारायचं आपल्या मनातही येत नाही. कुणी विचारलंच, तर उत्तरं तयार असतात. ‘घरची फार गरिबी आहे हो.’ ‘इथं दोन वेळ पोटभर जेवते तरी.’ ‘अगदी मुलीसारखी ठेवलीय.’ ‘शाळेत नाव होतं, पण अभ्यासात लक्ष नव्हतं.’

ही उत्तरं नवी नाहीत. मुंबईत कापड गिरण्या सुरू झाल्यापासून ती चौकशी आयोगांपुढे, कायदेमंडळांत आणि वृत्तपत्रांच्या रकान्यांत दिली गेली आहेत. माणसं बदलली, कायदे बदलले, उत्तरं मात्र फारशी बदलली नाहीत. म्हणून बालमजुरी समजून घ्यायची तर काम करणाऱ्या मुलांइतकंच त्यांच्याकडे पाहणाऱ्या समाजाकडेही पाहावं लागतं. गरिबी खरी आहे, पण मूल कामाला लागायला एकटी गरिबी पुरत नाही. त्यासाठी ‘या मुलांनी काम केलं तर चालतं’ असं आसपासच्या लोकांनी मनातून मान्य करावं लागतं. ही मान्यता कुठून आली, कशी टिकली आणि जिथं ती मोडली तिथं काय घडलं, ते या प्रकरणात पाहू.

गिरणीच्या दारात

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि दोन वर्षांत सूत निघू लागलं. पुढच्या वीस वर्षांत गिरणगाव उभं राहिलं. बाया-माणसांबरोबर सहा-सात वर्षांची पोरंही भोंग्याच्या वेळेला गिरणीत शिरत आणि दिवस मावळल्यावर बाहेर पडत. तुटलेला धागा जोडणं, बॉबिन बदलणं, झाडलोट करणं ही कामं त्यांच्याकडे असत. कामाच्या तासांना कसलंही बंधन नव्हतं.

१८७५ साली मुंबई सरकारनं गिरण्यांची पाहणी करण्यासाठी आयोग नेमला. आयोगात गिरणीमालक होते आणि बहुसंख्य सदस्यांचं मत कायद्याच्या विरोधात पडलं. कायदा झाला तर नवा धंदा बसेल, मजुरांचा रोजगार जाईल आणि आई-बापांचंच नुकसान होईल, असा युक्तिवाद तेव्हा केला जाई. सोराबजी शापूरजी बंगाली यांनी १८७० च्या दशकाच्या अखेरीस स्त्रिया आणि मुलांना संरक्षण देणाऱ्या कायद्याचा मसुदा तयार केला, पण मुंबईच्या कायदेमंडळात त्यांना पाठिंबा मिळाला नाही.

या वादाला आणखी एक पदर होता. भारतीय गिरण्यांवर निर्बंध यावेत यासाठी इंग्लंडमधले लँकेशायरचे गिरणीमालकही जोर लावत होते, कारण मुंबईचं स्वस्त सूत त्यांच्या धंद्याला जड जाऊ लागलं होतं. त्यामुळे फॅक्टरी कायदा हा परक्यांचा डाव आहे, असं आपल्याकडच्या अनेक राष्ट्रवादी वृत्तपत्रांना वाटलं आणि त्यांनी त्याला विरोध केला. लँकेशायरचा स्वार्थ खरा होता. पण त्याची चर्चा करताना गिरणीत दिवसभर उभं राहणारं सात वर्षांचं मूल नजरेआड गेलं. देशाच्या उद्योगाचं हित आणि त्या मुलाचं हित यांत निवड करायची वेळ आली, तेव्हा शिकल्या-सवरल्या वर्गानं उद्योगाची बाजू घेतली.

१८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला मनाई झाली आणि सात ते बारा वयाच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा आली. सात वर्षांच्या मुलानं नऊ तास काम करणं ही त्या काळची सुधारणा होती, यावरूनच आधीची स्थिती कळते. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि जखमी कामगाराला मदत अशा त्यांच्या मागण्या होत्या. कामगारांचं दुखणं कामगारांच्याच तोंडून सार्वजनिक जीवनात येण्याची ती सुरुवात होती. १८९१ च्या दुरुस्तीनं किमान वय नऊ झालं आणि नऊ ते चौदा वयाच्या मुलांसाठी सात तास ठरले. १९२२ साली किमान वय बारावर आलं. कारखान्यांसाठी ते चौदावर न्यायला १९४८ उजाडावं लागलं.

सात वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंत पोचायला सदुसष्ट वर्षं लागली. आणि कायदा झाला म्हणजे तो पाळला गेला, असंही नव्हतं. १९०८ च्या फॅक्टरी लेबर कमिशनच्या पाहणीत मुलांच्या तासांचे नियम सर्रास मोडले जात असल्याचं दिसून आलं. तपासनीस मोजके होते, जन्माची नोंद बहुतेकांची नसे आणि वय अंदाजानं ठरे. पण खरी अडचण नजरेची होती. मुकादमाला, मालकाला, पुष्कळदा आई-बापालाही नियम मोडण्यात काही गैर वाटत नव्हतं.

शाळेची सक्ती आणि शेतातले हात

मूल कामावर नसेल तर कुठे असेल, या प्रश्नाला शाळा हे उत्तर महाराष्ट्रात सर्वांत आधी जोतीराव फुल्यांनी ठामपणे दिलं. १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मागणी केली. शेतकऱ्याचं मूल शाळेत का येत नाही, हेही त्यांनी सांगितलं. घरी दारिद्र्य आहे, गुरं राखायला आणि शेतावर लक्ष ठेवायला पोर लागतं, आणि शाळेत यावं असं आकर्षण त्याच्यापुढे काही नाही. म्हणून शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. फुल्यांनी गरिबी नाकारली नाही. गरिबी आहे म्हणून शाळा मागं ठेवा, असंही म्हटलं नाही. गरिबी आहे म्हणूनच शाळेनं दोन पावलं पुढं यावं, ही त्यांची भूमिका आजही या प्रश्नावरची सर्वांत सरळ भूमिका आहे.

बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ पर्यंत तो सगळ्या संस्थानात नेला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मार्च १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, तेव्हा बडोद्याचा दाखला समोर होता. गोखल्यांची मागणी फार माफक होती. ज्या भागात पुरेशी मुलं आधीच शाळेत जातात, तिथं स्थानिक संस्थांना सक्ती लागू करण्याची परवानगी द्यावी, एवढंच त्यांना हवं होतं. १९१२ साली ३८ विरुद्ध १३ मतांनी ते विधेयक फेटाळलं गेलं. सरकारनं पैशाची अडचण सांगितली. जमीनदार वर्गाला शेतावरच्या मजुरांची चिंता होती. सगळी पोरं शाळेत गेली तर गुरं कोण राखणार आणि राखण कोण करणार, हा प्रश्न त्यांना विधेयकापेक्षा मोठा वाटत होता.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी मजुराला तो दंड जड होता. पण त्यामागचा संदेश सरळ होता. मुलाच्या बालपणावर बापाचा, सावकाराचा किंवा जमीनदाराचा शेवटचा हक्क नाही. मूल शिकलं पाहिजे ही राज्याची बाब आहे. एका छोट्या, फारसा पैसा नसलेल्या संस्थानाला जे जमलं, ते ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारला परवडत नव्हतं, असं म्हणणं कठीण आहे. इच्छेचा प्रश्न होता.

‘गरिबी आहे तोवर’

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेनं दोन गोष्टी लिहून ठेवल्या. कलम २४ नुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखाना, खाण किंवा धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. कलम ४५ नुसार दहा वर्षांत चौदापर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण द्यायचं होतं. ती मुदत १९६० साली संपली. शिक्षणाचा मूलभूत हक्क घटनेत यायला २००२ साल उजाडलं आणि त्याचा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी.

मधली पन्नास वर्षं कशी गेली, याचं उत्तर सरकारी कागदांत सापडतं. १९७९ साली नेमलेल्या गुरुपादस्वामी समितीचा निष्कर्ष असा की जोवर गरिबी आहे तोवर बालमजुरी पूर्णपणे बंद करणं अवघड आहे. म्हणून धोक्याच्या कामांत बंदी घाला आणि बाकीच्या कामांत परिस्थिती सुधारा. १९८६ चा बालकामगार कायदा याच विचारावर बेतला होता. फटाके, काडेपेटी, बिडी, गालिचा अशा धंद्यांत मुलांना मनाई झाली. शेत आणि असंख्य छोटे उद्योग मोकळे राहिले, आणि घरकाम व ढाबे त्या यादीत यायला १० ऑक्टोबर २००६ हा दिवस यावा लागला. मुलानं काम करणं हे अटळ आहे, फक्त ते फार घातक नसावं, अशी ही मांडणी होती. कायद्यानं समाजाच्या मताला वळण लावण्याऐवजी समाजाचं मतच कायद्यात उतरलं.

अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ मायरन वीनर यांनी नेमका हा धागा पकडला. भारतातले अधिकारी, शिक्षक, मालक, कामगार पुढारी आणि समाजकार्यकर्ते यांच्याशी बोलून त्यांनी १९९१ साली ‘द चाइल्ड अँड द स्टेट इन इंडिया’ हे पुस्तक लिहिलं. भारतातली बालमजुरी केवळ दरडोई उत्पन्नानं समजत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. भारतापेक्षा श्रीमंत नसताना अनेक देशांनी शिक्षण सक्तीचं केलं होतं. जपाननं सार्वत्रिक शिक्षणाचा मार्ग १८७२ मध्येच धरला, तेव्हा तो देश गरीबच होता. आपल्याच देशात केरळ हे काही श्रीमंत राज्य नव्हतं, पण तिथं मुलं शाळेत होती आणि बालमजुरी कमी होती. मग फरक कशात होता? वीनर यांना तो शिकलेल्या वर्गाच्या समजुतीत दिसला. काहींनी डोक्यानं काम करायचं आणि काहींनी हातानं, ही वाटणी स्वाभाविक आहे. गरिबाचं मूल शिकलं तर ते ना नोकरीला लागणार ना शेतात राबणार. म्हणून त्यानं लवकर काम शिकलेलं बरं. ही समजूत अधिकाऱ्यांपासून सुधारणावाद्यांपर्यंत त्यांना अनेकांच्या बोलण्यात आढळली.

हे वाचताना वाईट वाटतं, कारण ही भाषा आपल्या कानांच्या ओळखीची आहे. ‘शिकून कोण कलेक्टर होणार आहे?’ हा प्रश्न महाराष्ट्रातल्या कुठल्या गावानं ऐकलेला नाही? आणि हा प्रश्न कलेक्टरच्या, डॉक्टरच्या किंवा बागायतदाराच्या मुलाला कुणी कधी विचारत नाही, हेही आपल्याला ठाऊक आहे. बालमजुरीच्या बाजूचं मत जातीच्या उतरंडीला चिकटलेलं आहे. ज्यांच्या घरातून पिढ्यान्‌पिढ्या अंगमेहनतीची अपेक्षा केली गेली, त्यांच्या मुलांच्या हातात काम पाहून समाजाला धक्का बसत नाही.

नेहमीचे युक्तिवाद, एकेक करून

*‘मुलानं कमावलं नाही तर घर उपाशी मरेल.’* मुलाची कमाई काही घरांत चुलीला आधार देते, हे नाकारून चालणार नाही. पण मूल स्वस्त मिळतं म्हणूनच त्याला घेतलं जातं. जिथं मुलं राबतात तिथं मोठ्यांची मजुरी पडेल राहते आणि मोठ्यांना काम मिळत नाही. मुलाच्या मजुरीनं घराची आजची भाजी येते, पण त्याच मजुरीमुळे बापाचा रोज वाढत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली शिवकाशीच्या फटाका उद्योगासंबंधीच्या एम. सी. मेहता खटल्यात हा धागा ओळखला. मालकानं प्रत्येक मुलामागे २० हजार रुपये भरावेत आणि सरकारनं त्या घरातल्या एका प्रौढाला काम द्यावं, नाही तर मुलामागे ५ हजार रुपये निधीत घालावेत, असा निकाल दिला. कामाची जागा मुलाकडून काढून त्याच्या आई-बापाकडे द्यायची, हा त्यामागचा विचार.

*‘मुलांची बोटं नाजूक असतात, बारीक काम तीच करू शकतात.’* गालिचे, जरी, विड्या या धंद्यांत हे वाक्य फार चालायचं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी १९९० च्या दशकात उत्तर भारतातल्या गालिचा उद्योगाचा अभ्यास झाला, तेव्हा या दाव्याला आधार मिळाला नाही. बारीक गाठींचं उत्तम काम प्रौढ कारागीरही करत होते. मुलांमुळे वाचत होती ती मजुरी. आणि मूल तक्रार करत नाही, संघटना करत नाही, पळून जायला घाबरतं, हे मालकाच्या सोयीचं होतं.

*‘काम केलं की वळण लागतं, कसब हातात येतं.’* हा युक्तिवाद मात्र थांबून पाहण्यासारखा आहे, कारण त्यात तथ्य आहे. मुलानं घरात पाणी भरावं, अंगण झाडावं, सुतारकामातलं रंधा मारणं शिकावं, यात वाईट काही नाही. महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम मांडली, तेव्हा हातानं काम करत शिकण्याला त्यांनी शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवलं. पण मुलांनी बनवलेल्या वस्तू विकून शाळेचा खर्च निघावा, या त्यांच्या अपेक्षेवर त्याच वेळी आक्षेप घेतला गेला. अशानं शाळेचाच कारखाना होईल, ही भीती होती. तो आक्षेप मोलाचा आहे, कारण रेषा नेमकी तिथंच आहे. मूल शिकावं म्हणून काम, की कुणाला तरी माल हवा म्हणून काम? बिडीच्या पानाला कात्री लावणाऱ्या मुलीला रोज तेच काम हजार वेळा करावं लागतं. त्यातून तिच्या बोटांना वेग येतो, पण पुढच्या आयुष्याचं दार उघडत नाही.

*‘आम्ही घरच्यासारखं ठेवतो.’* घरकामाला ठेवलेली मुलगी सगळ्यांत कमी दिसते, कारण ती दाराआड असते. तिला नवे कपडे मिळत असतील, चांगलं जेवणही मिळत असेल. पण घरातलं मूल शाळेत जातं तेव्हा ती भांडी घासत असते, आणि घरातलं मूल झोपतं तेव्हा ती उद्याची कणीक भिजवत असते. तिच्या कामाला सुरुवात आणि शेवट नसतो, आणि रडू आलं तर जायला स्वतःचं घर जवळ नसतं. घरातल्या मुलासाठी जे आयुष्य आपल्याला चालणार नाही, ते तिच्यासाठी चालतं असं म्हणणं म्हणजे तिला घरचं न मानणंच आहे.

हिशेबात नसलेली मुलं

कारखान्यातला मुलगा निदान नजरेला पडतो. शेतातला पडत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२४ साली जगात सुमारे १३ कोटी ८० लाख मुलं बालमजुरीत होती आणि त्यांतली ६१ टक्के शेती व तिच्याशी जोडलेल्या कामांत होती.

महाराष्ट्रात याचं सर्वांत ठळक उदाहरण ऊसतोडीचं आहे. दिवाळीच्या सुमारास बीड आणि मराठवाड्याच्या इतर कोरडवाहू भागांतून टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि उचल, तोडीचा दर, दंड हे सगळं कोयत्यावर मोजलं जातं. सोबत आलेलं मूल या हिशेबात कुठेच नसतं. पण पहाटे आई-बाप फडात गेल्यावर कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी, पाणी आणणारा मुलगा, उसाचे वाढे गोळा करून बांधणारा अकरा-बारा वर्षांचा हात नसेल, तर तो कोयता चालत नाही. हंगाम संपून टोळी उन्हाळ्यात परतते, तोवर शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं. दोन-तीन हंगामांत मूल वर्गाच्या एवढं मागं पडतं की शाळाच नकोशी होते. मग लोक म्हणतात, ‘यांच्या पोरांना शिक्षणाची आवडच नाही.’

मुलींचं काम तर कामच धरलं जात नाही. धाकट्यांना सांभाळणं, सरपण, पाणी, स्वयंपाक यांची नोंद जनगणनेच्या कामगार या रकान्यात होत नाही. जी नोंद होते तीही नीट वाचावी लागते. २००१ च्या जनगणनेत ५ ते १४ वयाची १ कोटी २६ लाख मुलं काम करताना नोंदली गेली आणि २०११ मध्ये ४३ लाख, असं अनेकदा सांगितलं जातं. पण ४३ लाख हा आकडा वर्षातला बहुतेक काळ काम करणाऱ्यांचा आहे. हंगामी आणि थोडा काळ काम करणारी मुलं धरली तर २०११ चा आकडा १ कोटी १ लाखाच्या घरात जातो. २००१ च्या आकड्यात मात्र दोन्ही प्रकारची मुलं आहेत. घट झाली हे खरं, पण जेवढी सांगितली जाते तेवढी नाही. वाढे बांधणारा मुलगा याच दुसऱ्या गटात मोडतो, आणि भाषणांतून नेमका तोच गळतो.

मत बदलतं, ते असं

आता चांगली बाजू. आई-बापांना शिक्षण नको असतं, हा समज पुष्कळदा पुराव्यानं खोटा ठरला आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोब’ अहवालासाठी उत्तर भारतातल्या खेड्यांत पाहणी झाली. मुलाचं शिक्षण महत्त्वाचं वाटतं असं शंभरांतल्या ९८ पालकांनी सांगितलं, मुलीचं महत्त्वाचं वाटतं असं ८९ जणांनी. शाळा लांब असणं, शिक्षक नसणं, वर्गात काही न शिकवणं आणि खर्च, या गोष्टी मुलांना बाहेर ढकलत होत्या.

त्याआधी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या रंगारेड्डी जिल्ह्यात शांता सिन्हा आणि एम. व्ही. फाउंडेशन यांनी एक साधी भूमिका घेऊन काम सुरू केलं. शाळेत नसलेलं प्रत्येक मूल बालमजूर आहे, मग ते मजुरी मिळवत असो वा घरी भावंडं सांभाळत असो. धोक्याचं काम आणि बिनधोक्याचं काम असा भेद त्यांनी केला नाही. पालकांना भरपाई म्हणून पैसे दिले नाहीत. गावातल्या तरुणांना, सरपंचांना, शिक्षकांना, अगदी मुलं कामावर ठेवणाऱ्या शेतकऱ्यांनाही सोबत घेतलं. मोठ्या वयाच्या मुलांना निवासी वर्गांत काही महिने शिकवून त्यांच्या वयाच्या इयत्तेत बसवलं. हळूहळू गावाचं मत फिरलं. पोर कामाला ठेवणं ही गावात लाजेची बाब झाली आणि हजारो मुलं शाळेत गेली. २००३ साली शांता सिन्हा यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गरिबी त्या गावांतून रातोरात गेली नव्हती. बदललं होतं ते गावाचं एकमत.

आपल्याकडेही अशी कामं झाली आहेत. ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर विधायक संसद या संस्थेनं भोंगाशाळा चालवल्या, मजुरांच्या वस्तीतच शाळा नेली. साखर कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. मुलं गावीच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं सुरू झाली, आणि २०२१ साली राज्य सरकारनं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना जाहीर केली. शाळेतल्या दुपारच्या शिजवलेल्या जेवणानं घरचं एक ताट हलकं केलं. फुल्यांनी १८८२ साली मागितलेलं आकर्षण ते हेच. या सगळ्या प्रयत्नांत खंड पडतात, पैसे उशिरा येतात, हंगाम सुरू होऊन वसतिगृह उघडलेलं नसतं. तरीही जिथं सोय नीट चालते तिथं आई-बाप मुलांना मागं ठेवून जातात. मूल फडात न्यायची त्यांना हौस नसते.

आजचा कायदा आणि आपलं काम

२०१६ च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही धंद्यात कामावर ठेवायला बंदी आली आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामांत मनाई झाली. मुलाला कामावर ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गुन्हा दखलपात्र आहे. जून २०१७ मध्ये भारतानं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या किमान वयाच्या आणि बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांच्या करारांना मान्यता दिली. कागदावर आपण १८८१ पासून फार लांब आलो आहोत.

पण याच कायद्यात एक वाट मोकळी आहे. शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत मुलानं कुटुंबाच्या, धोक्याच्या यादीत नसलेल्या, व्यवसायात मदत केली तर चालते. घरकामाची, शेताची सवय राहावी म्हणून ही सवलत ठेवली, असं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात विड्या, जरी, पापड, मणी ओवणं ही कंत्राटी कामं घरातच येतात, आणि घराच्या उंबऱ्याआत तपासनीस क्वचित जातो. शाळेनंतर पाच तास विड्या वळणाऱ्या मुलीला अभ्यासाला वेळ कधी मिळणार? ही सवलत काढायला हवी, निदान बाहेरच्या मालकासाठी होणाऱ्या घरगुती कामाला तरी ती लागू होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जुनाच विचार तिथं पुन्हा शिरला आहे, की गरिबाच्या मुलाचा उरलेला वेळ कमाईसाठीच असतो.

कायदा बदलायचं काम आमदार-खासदारांचं आहे, मत बदलायचं काम मात्र आपलंच आहे. मूल राबताना दिसलं तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन करा. मूल कामाला असलेल्या हॉटेलात, दुकानात मालकाला ते तोंडावर सांगा आणि त्याचं गिऱ्हाईक राहू नका. घरात मदतनीस ठेवताना वयाचा पुरावा मागा. गावात ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या असतील तर दिवाळीआधी वसतिगृह सुरू होतंय का, हे ग्रामसभेत विचारा. पंधरा दिवस वर्गात न दिसलेल्या मुलाची चौकशी करायला शिक्षकाबरोबर त्याच्या घरी जा. यातलं काहीही अवघड नाही, आणि प्रत्येक गोष्टीनं ‘चालतंय’ या जुन्या मताला तडा जातो.

दीडशे वर्षांच्या अनुभवातून एवढं नक्की ठरलं आहे. गरिबी संपेपर्यंत थांबलेल्या समाजांत बालमजुरी टिकली, आणि प्रत्येक मूल शाळेतच असलं पाहिजे असं आधी ठरवणाऱ्या समाजांत ती हटली. आपल्याला कोणत्या समाजात राहायचं आहे, हे आता आपणच ठरवायचं आहे.